प्रोसेसर घेतल्यानंतरची चुटपुट

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात लोखंड कापायच्या आधी संगणक चालतो. भोसरीच्या गाळ्यातली टूलरूम असो, तळवड्यातले डिझाइन ऑफिस असो किंवा महाळुंगे-खराबवाडीकडचा सुटे भाग पुरवणारा कारखाना, गाडीचा भाग आधी पडद्यावर उभा राहतो. मग त्याचा टूलपाथ निघतो आणि त्यानंतर व्हीएमसीवर जॉब चढतो. मोठ्या कंपन्यांत हे काम ब्रँडेड वर्कस्टेशनवर होते आणि कोणता संगणक घ्यायचा ते आयटी खाते ठरवते. लहान व्हेंडरकडे मात्र असेंबल केलेला डेस्कटॉप असतो. त्याचे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवलेले असतात. निवड मालकाची किंवा डिझायनरची असते, त्यामुळे नंतरची चुटपुटही त्याचीच.

ही चुटपुट बहुतेकांना ओळखीची असते. आठवड्यापूर्वी घेतला आणि आज भाव उतरला. आणखी चार हजार घातले असते तर वरचे मॉडेल आले असते. शेजारच्या गाळ्यातला म्हणतो, दुसऱ्या कंपनीचा घ्यायला हवा होता. सोळा कोअरचा घेतला, तरी मॉडेल रिबिल्ड व्हायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. वरवर या सगळ्या तक्रारी सारख्या वाटतात, पण त्यांची मुळे वेगवेगळी आहेत. काही शंका मनाने उभ्या केलेल्या असतात, काही सेटिंगच्या चुकीतून येतात, काही कामाशी न जुळणाऱ्या निवडीतून येतात आणि थोड्या खरोखरच प्रोसेसरच्या दोषातून. कोणती शंका कुठली, हे ओळखता आले की पुढे काय करायचे ते ठरवणे सोपे जाते.

मनाचा हिशेब

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९५६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्त्रियांना टोस्टर, रेडिओ अशा घरगुती वस्तूंना गुण द्यायला सांगितले. मग त्यांतल्या दोन वस्तू समोर ठेवून कोणतीही एक भेट म्हणून निवडायला सांगितली. निवड झाल्यावर पुन्हा गुण घेतले, तेव्हा निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले होते आणि सोडलेल्या वस्तूचे घटले होते. पुढच्याच वर्षी लिऑन फेस्टिंजर यांनी या ओढाताणीचा सिद्धांत मांडला. एकदा निवड केली की सोडलेल्या पर्यायाचे गुण मनाला टोचतात. ती टोचणी कमी करण्यासाठी मन आपल्या निवडीची बाजू घ्यायला लागते.

प्रोसेसरच्या बाबतीत मनाला हे काम नीट करता येत नाही, कारण सोडलेला पर्याय नजरेआड होतच नाही. रोज नवी चाचणी प्रसिद्ध होते, नवा आलेख समोर येतो, भाव वरखाली होतात. त्यात वस्तू परत करण्याची मुदत चालू असेल तर मन आणखी रेंगाळते. हार्वर्डमध्ये डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला आपल्या दोन छायाचित्रांपैकी एक ठेवायचे होते. काहींना नंतर निर्णय बदलण्याची मुभा होती, काहींना नव्हती. मुभा नसलेले विद्यार्थी आपल्या छायाचित्रावर जास्त खूश होते, आणि मुभा असलेल्यांचे समाधान कमी राहिले. गंमत अशी की आधी विचारले तर बहुतेकांना मुभा असलेली बरी वाटते.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन प्रोसेसर जितके तुल्यबळ तितकी नंतरची शंका जास्त छळते. पण ते तुल्यबळ असतील, तर कोणताही घेतला तरी फरक थोडाच पडणार. म्हणजे शंका जिथे सर्वांत मोठी, तिथे नुकसान बहुधा सर्वांत लहान असते. उलट जिथे निवड पूर्ण चुकलेली असते, तिथे बरेचदा शंका मनात येतच नाही. कारण चूक आलेखात दिसत नाही, ती रोजच्या कामात दिसते.

किती कोअर, कशासाठी

रोजच्या कामात सर्वांत जास्त गफलत होते ती कोअरच्या संख्येवरून. जीन ॲमडाल या संगणक अभियंत्याने १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे कामाला येतो. कोणत्याही कामाचा काही भाग एकामागून एकच करावा लागतो आणि उरलेला भाग वाटून घेता येतो. कोअर कितीही वाढवले तरी पहिला भाग लहान होत नाही.

समजा, कामाचा २० टक्के भाग वाटता न येणारा आहे. ८ कोअरवर ते काम एका कोअरच्या मानाने ३.३ पट वेगाने होईल आणि १६ कोअरवर ४ पट. कोअर दुप्पट झाले, वेग मात्र २० टक्केच वाढला. वाटता न येणारा भाग ६० टक्के असेल, तर ८ कोअरवर १.५४ पट आणि १६ कोअरवर १.६ पट वेग मिळतो. हा फरक हातातल्या घड्याळावर मोजणेही कठीण. वाढीव कोअरचे पैसे मात्र पूर्ण मोजावे लागतात.

आता हे आपल्या पट्ट्यातल्या कामाला लावून पाहू. सॉलिडवर्क्स, एनएक्स, कॅटिया अशा कॅड सॉफ्टवेअरमध्ये भागाची रचना क्रमाने होते. आधी स्केच, मग एक्स्ट्रूड, मग भोक, मग फिलेट. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. वरचे एक माप बदलले की खालचे सगळे क्रमानेच पुन्हा मोजावे लागते. म्हणून मॉडेल रिबिल्ड होताना मुख्यतः एकच कोअर राबतो, आणि त्या एका कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो.

ग्राहकाला दाखवायचे चकचकीत चित्र म्हणजे रेंडर. त्याचा स्वभाव उलटा आहे. चित्राचा प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे मोजता येतो, त्यामुळे तिथे जितके कोअर तितका फायदा. ब्रॅकेटवर ताण किती येईल हे काढणारे फिनाइट एलिमेंटचे काम या दोन्हींच्या मधले आहे. त्याला कोअर लागतात, पण बऱ्याचदा त्याआधी रॅमची क्षमता आणि तिचा वेग कमी पडतो. टूलपाथचे काम सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. काही सॉफ्टवेअर वेगवेगळी ऑपरेशन्स एकाच वेळी मोजतात, काही एकेक घेतात. आणि पडद्यावर मोठी असेंब्ली फिरवताना ती अडखळत असेल, तर आधी ग्राफिक्स कार्डाकडे पाहावे.

खोक्यावरच्या आकड्यांचाही नीट अर्थ लावावा लागतो. इंटेलने २०२१ च्या अखेरीस आलेल्या बाराव्या पिढीपासून डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोअर घालायला सुरुवात केली. कोअर आय९-१४९००के मध्ये २४ कोअर आहेत. त्यांतले ८ पूर्ण ताकदीचे आणि १६ काटकसरीचे आहेत. म्हणून हा २४ आकडा एएमडीच्या १६ कोअरशी सरळ ताडता येत नाही. एएमडीकडेही असाच एक प्रकार आहे. रायझन ७ ९७००एक्स आणि रायझन ७ ९८००एक्स३डी या दोन्हींत आठच कोअर आहेत. पहिल्यात एल३ कॅश ३२ एमबी, तर दुसऱ्यात ९६ एमबी. ही जादा कॅश गेममध्ये मोठा फरक पाडते. स्केच आणि फिलेटच्या कामात तो फरक तसाच दिसेल असे नाही. गेमच्या आलेखावर भाळून घेतलेला प्रोसेसर डिझाइन ऑफिसमध्ये आला, तर तो वाईट नसतो. त्याच्यासाठी मोजलेले जादा पैसे मात्र दुसऱ्याच कामाचे असतात.

नावाच्या शेवटी येणारे अक्षरही पाहून घ्यावे. इंटेलच्या मॉडेलमागे ‘एफ’ असेल, तर आत ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड लावल्याशिवाय पडदा उजळत नाही. ‘के’ असेल, तर बहुधा खोक्यात कूलर येत नाही. ‘बिघडलेला प्रोसेसर’ म्हणून दुकानात परत गेलेली काही खोकी या दोन अक्षरांमुळेच परत गेलेली असतात.

पहिला पीस तपासा

कारखान्यात नवे सेटिंग लावले की कोणी लगेच पूर्ण लॉट चालवत नाही. पहिला पीस काढतात, तो इन्स्पेक्शनला जातो, मापे ड्रॉइंगशी जुळतात का ते पाहतात, मग लॉट सुटतो. नव्या प्रोसेसरलाही हीच शिस्त लावावी, आणि परत करण्याची मुदत दुसरी मॉडेल्स पाहण्यात घालवण्याऐवजी या तपासणीत घालवावी.

त्यासाठी आपल्याच कामातल्या दोन-तीन जड फाइल निवडाव्यात. एक मोठी असेंब्ली, एक किचकट टूलपाथ आणि करत असाल तर एक ॲनॅलिसिस. जुन्या संगणकावर प्रत्येकाला किती वेळ लागतो ते आधी लिहून ठेवावे आणि मग नव्यावर तेच काम पुन्हा करावे. काम चालू असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख पाहावा. एकच आलेख छताला टेकला असेल आणि बाकीचे झोपलेले असतील, तर अधिक कोअर घेऊन काही साधणार नव्हते. सगळे आलेख वर असतील, तर कोअरचा पैसा वसूल होत आहे. सगळेच खाली असतील आणि तरी काम रेंगाळत असेल, तर अडथळा प्रोसेसरच्या बाहेर आहे.

तो बाहेरचा अडथळा बहुतेक वेळा ठरलेल्या जागी सापडतो. रॅमच्या पाकिटावर ६००० लिहिलेले असते, पण बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हे प्रोफाइल चालू केलेले नसल्याने ती मूळच्या कमी वेगावर धावत असते. दोनऐवजी एकच रॅमची पट्टी बसवलेली असते, किंवा दोन्ही चुकीच्या खाचांत असतात, त्यामुळे प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता निम्माच उघडा राहतो. कूलरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढायची राहून जाते. फाइल ऑफिसच्या सर्व्हरवर असते आणि मधे एक गिगाबिटचे नेटवर्क असते. त्यातून सेकंदाला फार तर ११०-११५ एमबी येतात, मग प्रोसेसर कितीही नवा असला तरी असेंब्ली उघडायला तेवढाच वेळ लागणार. या गोष्टी दुरुस्त करायला फारसा खर्च येत नाही, आणि दुरुस्त झाल्या की बऱ्याच शंका तिथेच मिटतात.

नवे मॉडेल आले म्हणून

‘आता नवी पिढी येतेय, थांबायला हवे होते’ ही तक्रार जुन्या काळातून आलेली आहे, आणि त्या काळात ती खरी होती. १९९३ मध्ये आलेला पहिला पेंटियम ६६ मेगाहर्ट्झचा होता. मार्च २००० मध्ये डेस्कटॉप प्रोसेसरने १ गिगाहर्ट्झ गाठला. म्हणजे सात वर्षांत पंधरा पट. त्या दिवसांत सहा महिने आधी खरेदी करणाऱ्याचे खरेच नुकसान होत असे.

मग उष्णता आडवी आली. ट्रान्झिस्टर लहान करत गेले तरी त्या प्रमाणात वीज आणि उष्णता कमी होईना. २००४ च्या अखेरीस पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि ४ गिगाहर्ट्झचे नियोजित मॉडेल इंटेलने रद्द केले. वीस वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये आलेल्या कोअर आय९-१४९००केएसची कमाल गती ६.२ गिगाहर्ट्झ आहे. वीस वर्षांत दुप्पटही नाही. वेग वाढला तो एका ठोक्यात जास्त काम करण्यामुळे आणि कोअर वाढल्यामुळे. आता एका पिढीत एका कोअरची झेप साधारणपणे थोड्या टक्क्यांचीच असते. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या रायझन ९००० मालिकेचे अनेक परीक्षकांनी थंडेच स्वागत केले. ऑक्टोबर २०२४ मधली इंटेलची कोअर अल्ट्रा २०० मालिका गेममध्ये काही ठिकाणी आधीच्या पिढीच्याही मागे पडली. थांबलेल्याचा प्रत्येक वेळी फायदाच होतो असे नाही.

तरी कधी कधी खरोखर वेळ चुकते. त्याचे उत्तम उदाहरण २०१७ चे. त्या वर्षी जानेवारीत सातव्या पिढीचा कोअर आय७-७७००के आला. कोअर चार. मार्चमध्ये एएमडीने आठ कोअरचा रायझन आणला. ऑक्टोबरमध्ये इंटेलने त्याच वर्गात सहा कोअरचा आय७-८७००के उतरवला. खाचेचे नाव तेच, एलजीए ११५१, पण तो आधीच्या मदरबोर्डवर चालेना. पुढे २०२१ मध्ये विंडोज ११ आले, तेव्हा काही मोजके अपवाद सोडता इंटेलच्या प्रोसेसरची यादी आठव्या पिढीपासून सुरू झाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. म्हणजे २०१७ च्या उन्हाळ्यात सातवी पिढी घेणारा तीनदा मागे पडला. यातला विंडोजचा भाग कोणालाच आधी कळण्यासारखा नव्हता. पण मार्चमध्ये प्रतिस्पर्ध्याने कोअर दुप्पट केले, ही खूण मात्र डोळ्यांसमोर होती. अशा वेळी थोडे थांबणे शहाणपणाचे. एरवी कामाला संगणक हवा तेव्हा घ्यावा.

दोष खरा असतो तेव्हा

प्रोसेसरमधल्या खऱ्या दोषाची सर्वांत गाजलेली गोष्ट पुण्याशी थोडी जोडलेली आहे. ‘पेंटियमचे जनक’ म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले. पेंटियम बाजारात येऊन वर्ष झाल्यावर, १९९४ मध्ये, व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नायस्ली यांना आपल्या गणितात विसंगती दिसू लागली. भागाकार करणाऱ्या भागातल्या एका तक्त्यात पाच नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले की उत्तर १.३३३८२ यायला हवे, ते १.३३३७४ येत असे.

सामान्य वापरणाऱ्याला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल, असे इंटेलने सांगितले आणि सुरुवातीला प्रोसेसर बदलून देण्यास अटी घातल्या. स्प्रेडशीटवर जड काम करणाऱ्याला ती २४ दिवसांत एकदा भेटू शकते, असा आयबीएमचा हिशेब होता. दोघांचे गणित वेगळे आले, कारण दोघांनी धरलेले काम वेगळे होते. अखेर २० डिसेंबर १९९४ रोजी कोणत्याही अटीविना बदलून देण्याचे इंटेलने जाहीर केले आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद केली. पत्र टाइप करणाऱ्याला त्या दोषाने काही बिघडत नव्हते. डायच्या मापांचा हिशेब करणाऱ्याला मात्र ‘बहुधा बरोबर’ उत्तर चालत नाही.

अलीकडची घटना २०२४ ची. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले बरेच डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रोग्राम अचानक बंद पडायचे, संकुचित फाइल उलगडताना त्रुटी यायच्या, पडद्यावर ग्राफिक्सची मेमरी संपल्याचा फसवा संदेश दिसायचा. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे कोअरला ताल देणारी आतली मंडले अकाली झिजत होती. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि खोकाबंद प्रोसेसरची वॉरंटी तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. ही दुरुस्ती पुढची झीज रोखते, झालेली झीज भरून काढत नाही. म्हणून या पिढीचा प्रोसेसर असेल, तर बायोस अद्ययावत आहे आणि मायक्रोकोड ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा आहे, याची खात्री करावी. त्रास आधीच सुरू झाला असेल, तर वॉरंटीतून बदलून घ्यावा. एएमडीच्या बाजूनेही असे झाले आहे. एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर मदरबोर्डवरच जळाले. त्यानंतर बायोसमध्ये एका व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली गेली. दोन्ही घटनांत वेळीच बायोस बदलणे उपयोगाचे ठरले, आणि लहान ऑफिसांत नेमके हेच काम वर्षानुवर्षे राहून जाते.

चिप जाते, पाया राहतो

प्रोसेसरवर फेरविचार करण्याची वेळ पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेवरही आली होती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्यासाठी ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर निवडले होते. अनेक ट्रान्सप्युटर एकमेकांना थेट जोडून काम वाटून घेता येई, आणि त्या वेळी ती निवड विचारपूर्वक होती. पण इनमॉसचा पुढचा टी९००० रखडत गेला आणि शेवटी अपेक्षित वेग गाठू शकला नाही. सी-डॅकने परम ८६०० मध्ये इंटेलच्या आय८६० ची जोड घेतली. नंतरच्या परम ९००० आणि १९९८ च्या परम १०००० मध्ये सनचे स्पार्क प्रोसेसर आले. ट्रान्सप्युटर मागे पडला, पण अनेक साधे प्रोसेसर जोडून मोठे काम करण्याची पद्धत टिकली, आणि आजचे महासंगणकही त्याच वाटेने जातात.

आपल्या डेस्कटॉपच्या बाबतीत हा पाया म्हणजे मदरबोर्डची खाच आणि रॅमचा प्रकार. एएमडीच्या एएम४ खाचेत २०१७ च्या पहिल्या रायझनपासून रायझन ५००० पर्यंतच्या पिढ्या बसल्या, आणि बायोस बदलल्यावर बऱ्याच जुन्या बोर्डांवरही नवे प्रोसेसर चालले. एएम५ ही खाच २०२२ मध्ये आली, ती फक्त डीडीआर५ रॅम घेते. इंटेलची एलजीए १७०० खाच बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चालली आणि त्यानंतर एलजीए १८५१ आली. म्हणून ‘चूक झाली’ असे वाटले की आधी पाहावे, चूक चिपची आहे की पायाची. पाया बरा असेल, तर दोन वर्षांनी त्याच बोर्डवर वरचा प्रोसेसर बसवता येतो. पाया बदलायचा झाला, तर बोर्ड, रॅम आणि कधी कूलरही बदलावा लागतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव ज्या वेगाने चढले, ते पाहता हा खर्च लहान समजू नये.

भोसरीची हवा आणि उन्हाळा

परीक्षणे वातानुकूलित खोलीत होतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि गाळ्यावर पत्रा असतो. आय९-१४९००केची मूळ वीजमर्यादा १२५ वॅट, पण पूर्ण जोरावर तो २५३ वॅट घेतो. रायझन ७ ९७००एक्स ६५ वॅटचा म्हणून विकला जातो आणि मूळ सेटिंगवर ८८ वॅटपर्यंत जातो. या दोघांतला फरक १६५ वॅटचा. दिवसाला सहा तास पूर्ण जोर लावला, तर रोज साधारण एक युनिट. विजेच्या बिलापेक्षा मोठा प्रश्न त्या उष्णतेचा आहे. साधारण ९५ ते १०० अंशांच्या मर्यादेला पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि मे महिन्यात महागडा प्रोसेसर स्वस्ताच्या चालीने चालू लागतो. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. त्यावर असा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड लावले, तर वीज जाताच तो कोसळण्याची शक्यता मोठी.

धातूची धूळही इथली खास. ग्राइंडिंगचा बारीक कण वीजवाहक असतो आणि कूलंटच्या तेलकट वाफेबरोबर तो पंख्यावर चिकटून बसतो. संगणक शॉप फ्लोअरवर न ठेवता बंद केबिनमध्ये ठेवावा, आणि गुरुवारच्या औद्योगिक सुट्टीला जाळ्या साफ करण्याचा नेम ठेवावा. नवा प्रोसेसर सहा महिन्यांत ‘मंद झाला’ असे वाटले, तर आधी पंखा उघडून पाहावा.

बिल, कायदा आणि परतावा

मन बदलले म्हणून दुकानदाराने वस्तू परत घ्यावी, असा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. ती सवलत विक्रेत्याच्या धोरणावर चालते, म्हणून पैसे देण्याआधीच विचारून घ्यावे. दोष असेल, तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ती राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात दाखल होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र या पट्ट्यातल्या व्यावसायिकाने एक मेख लक्षात ठेवावी. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतली असेल, तर ठरतो. घरून ड्रॉइंग काढणारा एकटा डिझायनर आणि पन्नास कामगारांची खासगी मर्यादित कंपनी यांना कायदा एकाच नजरेने पाहत नाही.

बिल पक्के आणि जीएसटी क्रमांकासह घ्यावे. प्रोसेसरवर १८ टक्के जीएसटी असतो आणि व्यवसायासाठी नोंदणीकृत खरेदीदाराला त्याचे क्रेडिट मिळते. खोकाबंद माल घ्यावा. सुट्या, ट्रेमधल्या प्रोसेसरला उत्पादकाची वॉरंटी सहसा थेट मिळत नाही, विक्रेता देईल तेवढीच. भाव पडल्याची हळहळ वाटत असेल, तर आपल्या सीएला विचारावे. आयकराच्या हिशेबात संगणकावर ४० टक्के घसारा धरतात. साठ हजारांचा संगणक पूर्ण वर्षभर वापरला, तर पहिल्या वर्षाअखेर ३६,०००, दुसऱ्या वर्षी २१,६०० आणि तिसऱ्या वर्षी १२,९६० उरतो. ही वस्तू झपाट्याने स्वस्त होणार, हे हिशेबाने आधीच मान्य केलेले असते.

शेवटी फेरविचार करायचाच असेल, तर तो तासांत करावा. समजा, वरच्या मॉडेलला १२,००० रुपये जास्त लागले असते आणि डिझायनरच्या एका तासाची किंमत ३०० रुपये आहे. मग त्या मॉडेलने ४० तास वाचवायला हवेत. रोज दहा मिनिटे वाचत असतील, तर २४० कामाच्या दिवसांत ते पैसे वसूल होतात, आणि बदल करणे योग्य ठरते. रोज एकच मिनिट वाचत असेल, तर वसुलीला आठ वर्षे लागतील, आणि तोवर तो प्रोसेसर भंगारात गेलेला असेल. दहा मिनिटे की एक मिनिट, हे आपल्याच फाइलवर मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात लिहून ठेवलेल्या वेळा जपून ठेवाव्यात. पुढचा प्रोसेसर घेताना बाजारातला कोणताही आलेख त्यांच्याइतका उपयोगी पडणार नाही.